गोड्या तेलावर मालमोटार
(नभोवाणीवरील भाषण)

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास माझा पुतण्या घरीं आला होता. त्याची स्वतःची मालमोटार आहे. हल्लीं आपण सर्वजण तिला ट्रक म्हणतों. नाशिक जिल्ह्यांतील कांदा भरून तो परप्रांतीं पोंचवितो आणि येतांना मिळेल तो माल घेऊन येतो. गाडी बँकेच्या कर्जावर घेतलेली आहे. स्वयंपाकघरांत चकल्या तळणें चाललें होतें. कढईंतील तेलाकडे पाहून तो म्हणाला, "काका, माझी गाडी या तेलावर चालेल का हो? डिझेलच्या भावानें कंबरडें मोडलें आहे. लोक म्हणतात, चालते." मीं आयुष्यभर शाळेंत गणित आणि शास्त्र शिकविलें खरें, परंतु माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुरतें. तेव्हां होय किंवा नाहीं असें एका शब्दांत सांगण्याचें धाडस मला झालें नाहीं. "वाचून, विचारून सांगतों," असें मीं म्हटलें. मला उत्तर सांपडण्यापूर्वींच त्यानें तें रस्त्यावर शोधलें आणि त्याची किंमतही मोजली. ती हकीकत पुढें येईलच. त्याच्या प्रश्नाचें जें उत्तर मला मिळालें, तें आज श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

प्रश्न नवा नाहीं. ज्या रुडॉल्फ डिझेलचें नांव या इंजिनाला आणि पुढें त्याच्या इंधनालाही मिळालें, त्याच्या हयातींतच तो निघाला होता. १९०० सालीं पॅरिस येथें जें जागतिक प्रदर्शन भरलें, त्यांत ऑटो कंपनीनें मांडलेलें एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविलें जात होतें. तें इतकें सुरळीत चाले कीं, त्याला निराळें इंधन दिलें आहे हें फारच थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानांत आलें, असें डिझेलनें पुढें १९१२ सालीं नमूद केलें आहे. हा प्रयोग फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून झाला होता. त्यांच्या आफ्रिकेंतील वसाहतींत भुईमूग विपुल पिके. तेथल्या तेथें इंधन मिळालें, तर कोळसा आणि खनिज तेल दूरवर वाहून न्यावयास नको, असा त्यामागें हिशेब होता.

दुसरा दाखला बेल्जमचा. १९३७ सालीं ब्रसेल्स विद्यापीठांतील शावान नांवाच्या संशोधकानें पामतेलावर रासायनिक संस्कार करून त्याचें इंधन बनविण्याचें पेटंट घेतलें. दुसऱ्याच वर्षीं, १९३८ च्या उन्हाळ्यांत, ब्रसेल्स आणि लूव्हें या शहरांमधील प्रवासी बस त्या इंधनावर धांवली. म्हणजे अवजड गाडी वनस्पतींच्या तेलावर चालते, हें सिद्ध होऊन ऐंशीहून अधिक वर्षें लोटलीं. तर मग आज रस्त्यावरील प्रत्येक ट्रक तेलावर कां धांवत नाहीं? याला दोन अडथळे आहेत. पहिला इंजिनांत आहे आणि दुसरा शेतांत आहे. ते क्रमानें पाहूं.

पेट्रोलच्या इंजिनांत इंधन पेटविण्यासाठीं विजेची ठिणगी लागते. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. त्याच्या नळकांड्यांत आधीं नुसती हवा घेतली जाते आणि दट्ट्या ती सोळासतरा पट दाबतो. सायकलच्या चाकांत जोरानें हवा भरतांना पंपाचें तोंड हाताला गरम लागतें, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. येथेंही तेंच घडतें. परंतु इतक्या प्रमाणांत कीं, ती हवा पांचशें अंशांच्या वर तापते. नेमक्या त्या क्षणीं एका तोटींतून इंधनाचा तुषार आंत सोडला जातो, आणि तो आपोआप पेट घेतो. तेव्हां जें द्रव्य तुषाररूप होईल आणि तप्त हवेंत पेटेल, तें या इंजिनाला चालावें. गोडें तेल जळतें, हें देवघरांतील समईनें आपणांस केव्हांच शिकविलें आहे. अडतें तें तुषाराच्या ठिकाणीं.

गोड्या तेलाचा दाटपणा डिझेलच्या सुमारें दहापट असतो. आजच्या मालमोटारींतील तोटीचीं छिद्रें केसाच्या जाडीहून थोडींच मोठीं असतात, आणि त्यांतून इंधन वातावरणाच्या दीड-दोन हजार पट दाबानें फेंकलें जातें. दाट तेलाचा तेथें बारीक तुषार होत नाहीं. थेंब मोठे पडतात. ते पुरते जळत नाहींत. आणि अर्धवट जळलेल्या तेलाची काजळी घट्ट होऊन तोटीच्या तोंडावर आणि दट्ट्याच्या कड्यांत साचते.

तेलाची दुसरी खोड गृहिणींना माझ्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. बरणीच्या बाहेरून आलेला तेलाचा ओघळ पुसावयाचा राहिला, तर कांहीं दिवसांनीं तेथें पिवळसर, चिकट पुट चढतें आणि तें नुसत्या पाण्यानें जात नाहीं. हवेंतील ऑक्सिजन घेऊन तेलाचे कण एकमेकांस चिकटतात. जवसाच्या तेलांत हा गुण विशेष, म्हणून तर तें रंगाच्या कामास येतें. इंजिनांत न जळलेलें तेल खालीं झिरपून वंगणांत मिसळलें, कीं उष्णतेनें हीच क्रिया झपाट्यानें होते, आणि वंगण काकवीसारखें घट्ट होतें. यांतील फसवणूक अशी कीं, पहिले कांहीं दिवस गाडी उत्तम चालते. मालकाला वाटतें, आपण जिंकलों. इंजिन उघडावें लागतें तें पुष्कळ मजल मारल्यानंतर. "अमक्यानें टाकींत गोडें तेल ओतलें आणि गाडी चालली," या गोष्टी खोट्या नसतात. त्या अर्ध्यावर थांबलेल्या असतात.

यावर माणसानें तीन उपाय काढले आहेत. पहिला तेल तापविण्याचा. गाडीला दोन टाक्या बसवावयाच्या, एकींत डिझेल आणि दुसरींत तेल. आरंभ डिझेलवर करावयाचा. इंजिन तापलें कीं त्याच्याच गरम पाण्यानें तेल सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापवून पातळ करावयाचें आणि मग तें सुरू करावयाचें. मुक्काम येण्यापूर्वीं पुन्हां डिझेल घेऊन नळ्या धुऊन काढावयाच्या. लहान मोटारीपेक्षां लांब पल्ल्याच्या ट्रकाला हा उपाय अधिक मानवतो; कारण त्याचें इंजिन तासन्‌तास एकसारखें गरम राहतें. जर्मनींत मोहरीच्या जातीचें रेप नांवाचें पीक होतें. त्याच्या तेलावर तेथील कित्येक मालवाहतूकदारांनीं असे ट्रक चालविले, आणि इंधन म्हणून वापरावयाच्या रेप-तेलाची शुद्धता कशी असावी, याचें स्वतंत्र प्रमाणही तेथें ठरविण्यांत आलें. या उपायानें दाटपणा जातो. चिकटण्याची खोड मात्र राहते.

दुसरा उपाय तेलाची घडणच बदलण्याचा. बेल्जमचें पेटंट याच जातीचें होतें. तेलाचा प्रत्येक कण म्हणजे एका जोखडाला जुंपलेले तीन बैल अशी कल्पना करावी. जोखड म्हणजे ग्लिसरीन आणि बैल म्हणजे स्निग्धाम्लांच्या लांबच लांब साखळ्या. तिघे एकत्र बांधलेले असल्यामुळें कण अवजड आणि तेल दाट. कारखान्यांत शंभर किलो तेलास सुमारें दहा-अकरा किलो मेथॅनॉल नांवाचा मद्यार्क आणि थोडासा तीव्र अल्कली देऊन तें साठ अंशांच्या आसपास घुसळतात. जोखड सुटतें, प्रत्येक बैल मेथॅनॉलचा लहानसा अंश घेऊन मोकळा होतो. ग्लिसरीन जड म्हणून तळाशीं बसतें, आणि वर जवळजवळ शंभर किलो पातळ द्रव उरतो. हेंच बायोडिझेल; आपण त्याला जैव डिझेल म्हणूं. साबण करतांनाही अल्कली तेलांतील ग्लिसरीन असेंच सोडवितो, तेव्हां ही क्रिया साबणाची चुलत बहीणच आहे. परंतु हा प्रयोग कोणीं घरीं करूं नये. मेथॅनॉल पोटांत गेल्यास दृष्टि जाते, प्राणही जातो. आणि तें चटकन पेट घेतें.

तिसरा उपाय वनस्पती तुपाचा दूरचा नातलग आहे. वनस्पती तूप करतांना तेलाला हायड्रोजन वायू देतात, हें आपण ऐकलें असेल. तोच वायू अधिक ताप आणि दाब ठेवून दिला, तर तेलांतील सारा ऑक्सिजन निघून जातो, आणि खनिज डिझेलशीं जवळजवळ एकरूप असें इंधन मिळतें. हा उपाय सर्वांत सरस. पण त्याला मोठा कारखाना आणि मोठें भांडवल लागतें. म्हणून लहान-मोठ्या उद्योजकांच्या हातीं आज दुसराच उपाय आहे.

जैव डिझेलचा दाटपणा खनिज डिझेलच्या जवळ येतो. त्यांत गंधक जवळजवळ नसतें, काजळी कमी होते, आणि पंपाला वंगणही बरें मिळतें. दोष आहेत ते असे. एका लिटरांत शक्ति आठ-दहा टक्के कमी मिळते. तें पाणी शोषून घेतें, आणि कांहीं महिने पडून राहिलें तर बिघडतें. जुन्या टाकीच्या तळाचा गाळ तें सोडवितें, म्हणून पहिल्या कांहीं फेऱ्यांत गाळणी तुंबते. शिवाय थंडीची त्याला बाधा होते. हिवाळ्यांत आपल्या घरीं खोबरेलाची बाटली थिजते, त्याचेंच हें रूप. पामतेलापासून केलेलें जैव डिझेल तर आपल्याकडील थंडींतही गढूळ होऊं लागतें.

शुद्धतेंत कसूर झाली म्हणजे काय होतें, याचा धडा अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यानें घेतला आहे. सोयाबीन हें तेथील मोठें पीक. २००५ च्या सप्टेंबरांत त्या राज्यानें कायदा अमलांत आणला कीं, विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्यें दोन टक्के जैव डिझेल असलेंच पाहिजे. शंभरांत दोन भाग, म्हणजे किती थोडे! तरीही तीन महिन्यांच्या आंत ट्रकांच्या गाळण्या तुंबल्याच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबरांत कायदा कांहीं दिवस स्थगित ठेवावा लागला. कांहीं माल प्रमाणाबाहेरचा निघाला होता. ग्लिसरीन पुरतें काढलें गेलें नव्हतें. राज्यानें कायदा टाकून दिला नाहीं. तपासणी कडक केली, आणि हळूहळू प्रमाण वाढवीत २०१८ पासून उन्हाळ्यांत तें वीस टक्क्यांवर नेलें; हिवाळ्यांत मात्र पांचावरच ठेविलें. कोणत्या ऋतूंत किती मिसळावें आणि त्याची शुद्धता कोणीं पाहावी, या दोन प्रश्नांचीं उत्तरें आधीं लागतात, असा याचा अर्थ.

आतां माझ्या पुतण्याची हकीकत. त्या दिवाळीनंतर तीनचार महिन्यांनीं महामार्गालगतच्या एका ठिकाणीं त्याला "बायोडिझेल" या नांवाखालीं स्वस्त इंधन मिळालें. पावती नाहीं, शुद्धतेचा दाखला नाहीं. भाव मात्र कमी. त्यानें दोन वेळां टाकी भरली. दुसऱ्या फेरीला, माल भरलेला असतांना, घाट चढतां चढतां इंजिन बंद पडलें. गाडी ओढून न्यावी लागली. तीन दिवस कांदा ताडपत्रीखालीं अडकून पडला, आणि उशिरां पोंचल्यामुळें व्यापाऱ्यानें भाव कापला. पंप आणि तोट्या बदलण्याचा खर्च लाखाच्या वर गेला. त्या महिन्याचा बँकेचा हप्ता चुकला. मेस्त्रींनीं टाकींतील इंधन हातावर घेऊन वास घेतला आणि सांगितलें, "साहेब, यांत कसलें आलें आहे बायोडिझेल! खनिज तेलाचाच कांहींतरी मिसळा आहे." माझ्या मनाला लागलें तें हें कीं, पोरानें मला विचारलें होतें आणि मीं वेळेवर उत्तर दिलें नव्हतें. असे बनावट मालाचे धंदे कांहीं एकाच जागीं नव्हते. २०२१ सालीं शेजारच्या गुजरात राज्यांत सरकारला अशा विक्रीवर मोठी मोहीम काढावी लागली होती. चांगल्या वस्तूच्या नांवावर खोटी वस्तु विकली गेली, कीं बदनाम होते ती चांगलीच.

इंजिनाचा अडथळा अशा रीतीनें शास्त्रानें आणि शिस्तीनें ओलांडतां येतो. आतां दुसऱ्या अडथळ्याकडे वळूं. जर्मनींत शुद्ध जैव डिझेलवर कर नव्हता, तोंपर्यंत तें दीड हजारांहून अधिक पंपांवर मिळे आणि मालवाहतूकदार तें हौसेनें भरीत. ऑगस्ट २००६ पासून त्यावर कर बसला आणि पुढें वाढत गेला. ट्रकवाले पुन्हां खनिज डिझेलकडे वळले. इंजिनें तींच होतीं, तेलही तेंच होतें. हिशेब बदलला होता. तेव्हां आपणही एक हिशेब करून पाहूं. हा हिशेब मीं माझ्या पुतण्यापुढें कागदावर मांडला होता.

भरलेला मोठा ट्रक एका लिटरांत सुमारें चार किलोमीटर जातो. दिवसाला चारशें किलोमीटर मजल धरली, तर शंभर लिटर इंधन लागलें. आपल्या देशांत माणशीं वर्षाला सुमारें १९ किलो खाद्यतेल लागतें. पांच माणसांच्या कुटुंबाला ९५ किलो, म्हणजे जवळजवळ शंभर लिटर. याचा अर्थ असा कीं, एका कुटुंबाला फोडणी, भाजी, सणासुदीचें तळण यांसाठीं वर्षभर जें तेल पुरतें, तें एक मालमोटार सूर्योदयापासून रात्रीपर्यंत पिऊन टाकील. दुसऱ्या बाजूनें पाहूं. जिराईत जमिनींत एकरीं सात क्विंटल भुईमुगाची शेंग आली असें धरलें, तर टरफलें जाऊन पांच क्विंटल दाणे आणि घाण्यावर सुमारें दोन क्विंटल तेल निघेल. एका एकराचा सारा हंगाम, नांगरणीपासून काढणीपर्यंतचे कष्ट, आणि त्यावर ट्रक दोन दिवस चालणार!

हें एका गाडीचें झालें. देशाला वर्षाकांठीं सुमारें नऊ कोटी टन डिझेल लागतें. खाद्यतेल लागतें सुमारें अडीच कोटी टन; आणि त्यांतलेंही निम्म्याहून अधिक आपण परदेशांतून आणतों. जो देश आपल्या फोडणीपुरतें तेल पिकवूं शकत नाहीं, त्यानें ताजें गोडें तेल ट्रकाच्या टाकींत ओतणें म्हणजे उसनें आणलेल्या पिठाची खळ करून पतंग चिकटविण्यासारखें आहे. शिवाय तेल महाग झालें, तर त्याचा चटका श्रीमंताच्या ताटाला बसत नाहीं. तो गरिबाच्या कोरड्यासाला बसतो.

मग न खाण्याजोगीं तेलें कां वापरूं नयेत? हा विचार आपल्याकडे मोठ्या उत्साहानें झाला. करंजाचें तेल आणि कोंकणांतील उंडीचें तेल पूर्वीं दिव्यांना वापरीत. परंतु सर्वांची नजर गेली ती मोगली एरंडाकडे. याला गुरें तोंड लावीत नाहींत आणि तें माळरानावर जगतें. २००३ सालीं नियोजन आयोगाच्या समितीनें त्याची मोठी योजना पुढें मांडली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणांत २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचें उद्दिष्ट ठरलें. तें साधलें नाहीं. झाड माळावर जगतें, हें खरें. पण तें बियांनीं लगडावें तर त्याला पाणी आणि खत हवें. फळें एकाच वेळीं पिकत नाहींत, म्हणून वेंचणीची मजुरी फार. पेंड विषारी, म्हणून गुरांना घालतां येत नाहीं. जगणें निराळें आणि फळणें निराळें, हा साधा भेद आंखणी करणारांच्या नजरेंतून सुटला, आणि पुष्कळ ठिकाणीं शेतकऱ्यांनीं तीं झाडें उपटून टाकलीं. २०१८ च्या धोरणानें मग २०३० पर्यंत पांच टक्के एवढेंच उद्दिष्ट ठेविलें. आणि तें गांठण्यासही अजून बरीच मजल मारावयाची आहे.

श्रोते हो, येथवर ऐकून कोणी म्हणेल, मास्तरांनीं सगळींच दारें बंद केलीं. तसें नाहीं. एक दार उघडें आहे आणि तें आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. तेंच तेल पुनःपुन्हां तळणाला वापरलें कीं तें काळवंडतें, फेंसाळतें, आणि त्यांत शरीरास अपायकारक द्रव्यें तयार होतात. १ जुलै २०१८ पासून अन्न सुरक्षेच्या राष्ट्रीय प्राधिकरणानें नियम केला आहे कीं, या बिघाडाच्या द्रव्यांचें प्रमाण शंभरांत पंचविसांवर गेलेलें तेल अन्नासाठीं वापरूं नये. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें अशा तेलापासून जैव डिझेल करण्याची योजना त्या प्राधिकरणानें सुरू केली. आणि रोज पन्नास लिटरांहून अधिक तेल तळणाला वापरणारांनीं त्याची नोंद ठेवून उरलेलें तेल अधिकृत संकलकांकडेच द्यावें, असें पुढें ठरलें. असें न झाल्यास तें तेल कोठें जातें? मोठ्या भटारखान्यांतून तें स्वस्तांत विकलें जातें, आणि रस्त्याकडेच्या कढईंत पुन्हां उकळतें. तेथें वडा खाणारा बहुधा दिवसभर राबलेला हमाल किंवा शाळेंतून परतणारा मुलगा असतो.

या तेलानें देशाचे सर्व ट्रक चालतील काय? नाहीं. वर्षाकांठीं सुमारें २२० कोटी लिटर वापरलेलें तेल गोळा होऊं शकेल, असा त्या प्राधिकरणाचा अंदाज होता. देशाचें डिझेल दहा हजार कोटी लिटरांच्या वर आहे. शंभर लिटरांत दोन लिटर, एवढाच हा वांटा. परंतु लाभाची मोजणी केवळ टाकींतच करावयाची नसते. हें दोन लिटर टाकींत गेलें, म्हणजे तें कोणाच्या तरी पोटांत गेलें नाहीं. शेत अडलें नाहीं, ताजें तेल महागलें नाहीं. आपल्याकडील डिझेलच्या प्रमाणांत सात टक्क्यांपर्यंत शुद्ध जैव डिझेल मिसळण्यास मुभा आहे. तेवढें मिश्रण इंजिन निमूटपणें पचवितें. कढईंतील तेल मात्र जसेंच्या तसें टाकींत ओतूं नये. त्यांत पाणी, जळके कण आणि सुटीं झालेलीं आम्लें असतात. कारखान्यांत तें आधीं गाळून, निवळून, मगच संस्कारावें लागतें.

पुतण्याला मीं जें उत्तर दिलें, तें आतां थोडक्यांत सांगतों. "बाळ, तेलावर गाडी चालेल. परंतु ताजें तेल तिला देऊं नये, तें माणसाचें आहे. कढईंतलें तेल थेट देऊं नये, तें इंजिनाला मारील. आणि निनांवी पंपावरचें स्वस्त इंधन तर मुळींच घेऊं नये, तें तुला मारील." तो हंसला आणि म्हणाला, "काका, हें तुम्हीं दिवाळींतच सांगावयास हवें होतें." मजजवळ त्याला उत्तर नव्हतें.

आमच्या वसाहतींत आम्हीं आतां जिन्याखालीं एक झांकणाचा डबा ठेविला आहे. प्रत्येक घरचें तळणाचें उरलेलें तेल गाळून त्यांत जमा होतें, आणि भरला कीं परवाना असलेला संकलक तो घेऊन जातो. मोरींत तेल ओतणें बंद झालें, नळ तुंबणें कमी झालें. गेल्या दिवाळींत पुतण्या आला, तेव्हां त्यानें तो डबा उचलून पाहिला आणि म्हणाला, "काका, हें तर माझ्या गाडीला चार कोसही पुरणार नाहीं." मीं म्हटलें, "नाहीं पुरणार. पण कोणाच्या वड्यांत तरी जाणार नाहीं ना?" तो कांहीं बोलला नाहीं. जातांना मात्र आपल्या घरचें तेलही पुढच्या खेपेस आणतों, असें सांगून गेला.